अंदाजपंचे नको: कूलरच्या सीझनला किती माल भरायचा, हे ठरवायची रीत

जानेवारी संपता संपता एजन्सीवाल्याचा फोन येतो. "शेठ, बुकिंग किती टाकू? पुढच्या महिन्यात रेट वाढतील." बाहेर लोक अजून स्वेटर घालून फिरत असतात आणि इकडे तुम्हाला मे महिन्यातलं गिऱ्हाईक मोजायचं असतं. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं: गेल्या साली शंभर गेले, यंदा एकशेवीस टाका. अंदाजपंचे दाहोदरसे.

या उत्तरात दोन प्रश्नांची खिचडी झालेली आहे. किती खपेल, हा झाला अंदाज. किती भरायचं, हा झाला निर्णय. पहिल्याचं उत्तर ऊन, लगनसराई आणि गावातला पैसा देतो. दुसऱ्याचं उत्तर तुमच्याच खरेदी-विक्रीच्या भावात असतं. दोन्ही वेगळे ठेवले, तर धंद्यातली निम्मी भांडणं मिटतात, बापलेकातलीही.

वडिलांच्या गादीवर नुकतंच बसलेल्यांसाठी किंवा दुकानाची खरेदी पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी ही रीत लिहितोय. उदाहरणाला जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं एक मध्यम दुकान धरू: कूलर, पंखे, मिक्सर आणि मोसमात कूलरचं गवत, पंप वगैरे. आकडे मी धरलेले आहेत, तिथे तुमचे घाला. धंदा बियाण्याचा, पाइपांचा किंवा उडदाच्या पापडाचा असला तरी रीत हीच.

आधी वही

वही नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. बिलिंगचं ॲप विकलेलं दाखवतं, पण मागितलेलं दाखवत नाही. म्हणून गल्ल्याजवळ एक साधी दोनशे पानी ठेवा आणि त्यात एक रकाना 'परत गेला' असा पाडा. नोंद अशी दिसते:

१४ एप्रिल – ६० लिटर – विकले ३ – परत गेले २ (माल नव्हता १, भाव पटला नाही १)

कंसातला फरक महत्त्वाचा आहे. भाव न पटल्यामुळे गेलेलं गिऱ्हाईक तुमच्या मागणीत धरायचं नाही. "माल उना का, भाऊ?" (आला का?) विचारून, नाही म्हटल्यावर शेजारच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक मात्र शंभर टक्के धरायचं. ही नोंद दुपारी दीडच्या गर्दीत कोणी करत नाही, हे खरं. मग निदान रात्री शटर ओढण्याआधी काउंटरवरच्या पोराला विचारून लिहा.

हा खटाटोप का? समजा, गेल्या साली ९० कूलर भरले आणि ५ मेपर्यंत सगळे संपले. वही म्हणेल, विक्री ९०. मागणी ९० नव्हती, मालच ९० होता. आधीच्या सालांत ५ मेनंतर साधारण ३० टक्के विक्री होत असेल, तर ९० हे फक्त ७० टक्के झाले. ९० ला ०.७ ने भागा: १२९ च्या आसपास. हे न करता दरसाल विक्रीवरून ऑर्डर टाकणारा दरसाल कमीच भरतो, आणि 'आपला अंदाज बरोब्बर येतो, एकही नग उरत नाही' असं सांगत फिरतो.

ठोकातली विक्री वेगळ्या पानावर लिहा. मंगल कार्यालयाने एकदम बारा कूलर नेले, तर ते बारा पुढच्या साली येतीलच असं नाही. त्यांना फोन करून विचारता येतं. किरकोळ गिऱ्हाइकाला विचारता येत नाही.

जुनी सालं वापरताना त्यांवर खूण करा. २०२० मध्ये २५ मार्चपासून टाळेबंदी होती, २०२१ च्या एप्रिल-मेमध्येही दुकानांवर निर्बंध होते. ही दोन सालं सरासरीत मिसळू नका. २०२५ चं तसं नाही. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस झाला, मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेलाच पोचला. कूलरवाल्याला असं साल विसरावंसं वाटतं, पण ते ठेवायचं. टाळेबंदी ही धंद्याबाहेरची गोष्ट होती, पाऊस धंद्यातलीच आहे आणि तो पुन्हा येऊ शकतो.

तारखेला तारीख लावू नका

संगणकावरचा तक्ता एप्रिलला एप्रिलशी ताडतो. आपलं गिऱ्हाईक तिथीवर चालतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२४ मध्ये १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला, २०२६ मध्ये १९ एप्रिलला. दोन सालांत तीन आठवड्यांचा फरक. आखाजीला माहेरवाशिणी येतात, घरात माणसं वाढतात, शेतावर सालदाराचं (वर्षाच्या करारावरच्या गड्याचं) साल बदलतं आणि पैशांची देवघेव होते. ती गर्दी एका साली मेच्या आकड्यात बसते, दुसऱ्या साली एप्रिलच्या. तक्त्याला वाटतं, एप्रिल वाढला आणि मे पडला. प्रत्यक्षात काहीच वाढलेलं किंवा पडलेलं नसतं.

त्याहून मोठी गडबड अधिक महिन्याची. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत, म्हणजे आंदणात जाणारे कूलर त्याआधीच उचलले जाणार. जावयाच्या धोंड्याच्या जेवणाला कोणी कूलर देईल, या आशेवर माल भरू नका. तिथे चांदीचं ताट आणि अनारसे जिंकतात.

म्हणून वहीत आठवड्यांना नावं द्या: आखाजीच्या आधीचा दुसरा, आधीचा पहिला, आखाजीचा, नंतरचा पहिला. अमळनेरात वैशाखातल्या सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवसही असेच खुणेचे. बोरीच्या पात्रात यात्रा भरली की खेड्यापाड्यातला माणूस गावात येतो आणि दुकानातही डोकावतो. हे पंचांग भिंतीवर आहेच, फक्त वहीत उतरवायचं.

अंदाज बांधायला सुरुवात

सगळ्यात साधा अंदाज: गेल्या साली याच तिथीच्या आठवड्यात जेवढे गेले, तेवढेच यंदा. याला हसू नका. नंतर कोणी कितीही भारी पद्धत घेऊन आला, तरी तिने आधी या साध्या अंदाजाला हरवून दाखवावं. बऱ्याच पद्धतींना ते जमत नाही.

पुढची पायरी, तीन सालांची सरासरी. हवं तर अलीकडच्या सालाला जास्त वजन. मोसम सुरू झाल्यावर मात्र दर आठवड्याला अंदाज हलवावा लागतो. त्यासाठी सोपं सूत्र आहे: नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज अधिक झालेल्या चुकीचा साधारण तिसरा हिस्सा (०.३). या आठवड्याला १८ जातील म्हटलं होतं, गेले १२. चूक उणे ६, तिचे ०.३ म्हणजे उणे १.८. पुढच्या आठवड्याचा अंदाज १६. सगळी चूक एकदम उचलायची नाही, कारण एका आठवड्यात ढग असतात किंवा गावात मयत झालेली असते. हॉल्ट यांनी १९५७ मध्ये या रीतीत चढ-उताराचा कल बसवला आणि विंटर्स यांनी १९६० मध्ये मोसमाचा भाग तपासून दाखवला. संगणकावर आज दोघांच्या नावाने जी पद्धत मिळते, तिच्या मुळाशी हेच गणित आहे.

एक सापळा मार्चमधला. समजा, तुमच्या मोसमाची १५ टक्के विक्री मार्चअखेर होते आणि यंदा मार्चअखेर २४ गेले. २४ भागिले ०.१५ म्हणजे १६०! लगेच फोन उचलू नका. ऊन लवकर पडलं की पुष्कळदा एप्रिलचं गिऱ्हाईक मार्चमध्ये येतं; गिऱ्हाईक वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं. आधीचा अंदाज ११२ असेल तर १६० आणि ११२ यांच्या मधे कुठेतरी थांबा, आणि एप्रिलचा पहिला आठवडा बघून पुन्हा हलवा.

आकड्यांपेक्षा आधी बोलणाऱ्या काही खुणा असतात. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे कूलर दुरुस्त करणारा मिस्त्री. माणूस आधी जुना कूलर पोटमाळ्यावरून उतरवतो, गवत बदलतो, पंप बसवून बघतो, आणि टाकी गळतेय म्हटल्यावर नव्याकडे वळतो. म्हणून पंपाची आणि गवताची विक्री नव्या कूलरच्या आधी हलते. मिस्त्रीला चहा पाजून फक्त एवढं विचारा: "भाऊ, गेल्या साली या दिवसांत रोज किती घरं व्हायची, आणि आत्ता किती?"

दुसरी खूण कापसाची. कापूस घरात पडून असेल तर त्या घरातला पैसाही पडूनच आहे. भाव वाढायची वाट बघत मार्चपर्यंत कापूस राखलेल्या गावात कूलर उशिरा जातो आणि उधारीवर जातो. तिसरी खूण पाण्याची. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या किंवा टँकरवर चालणाऱ्या गावात ऊन कितीही पडो, पाणी पिणारा मोठा कूलर खपत नाही. तिथे पंखा खपतो. उन्हाचा आकडा बघून भरलेला माल अशाच गावांत अडकतो.

हवामान खात्याचा एप्रिल ते जूनचा उन्हाळी अंदाज मार्चच्या शेवटाला येतो. तो जरूर वाचा, पण नीट. 'सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता' याचा अर्थ तेवढाच: शक्यता. आणि तो मोठ्या प्रदेशाचा असतो, तुमच्या तालुक्याचा नव्हे.

जुनी वही जे सांगूच शकत नाही, तेही एका ओळीत टिपून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मोठा, महाग कूलर घेणारं गिऱ्हाईक आता एसीच्या हप्त्याची चौकशी करणार. याचा आकडा मागच्या कुठल्याच सालात सापडणार नाही.

एकच आकडा मागू नका

'यंदा ११२ जातील' हे वाक्य अर्धवट आहे. ११२ च्या आजूबाजूला किती, हे पाहिजे. त्यासाठी चिठ्ठ्यांची रीत वापरा. दहा चिठ्ठ्यांवर यंदाच्या मागणीचे दहा आकडे लिहायचे. काही मागच्या सालांतून दुरुस्त केलेले, काही वडील, काउंटरवरचा पोरगा आणि मिस्त्री यांच्याकडून. प्रत्येकाने आपापला आकडा आधी लिहायचा आणि मगच बोलायचं. शेठ आधी बोलले की बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर शेठचाच आकडा येतो.

चढत्या क्रमाने लावल्यावर समजा असं दिसलं: ७०, ८५, ९५, १००, १०५, ११०, १२०, १३०, १४०, १६५. सरासरी ११२. आता इथे अंदाज संपला.

निर्णय: उरलं तर काय, पुरलं नाही तर काय

कूलरची खरेदी ५,२००, विक्री ६,४००. एक गिऱ्हाईक परत गेलं तर १,२०० चा नफा बुडाला. एक नग उरला तर? तो फेकायचा नसतो, पुढच्या साली विकता येतो, म्हणून पुष्कळजण 'उरला तर उरला' म्हणतात. हिशोब करा. ५,२०० रुपये नऊ महिने अडकले. १२ टक्क्यांनी व्याज ४६८. गोदामाच्या भाड्यातला वाटा, समजा ८०. खोकं फाटणं, जाळीला गंज, पुढच्या साली 'जुनं मॉडेल' म्हणून सोडावे लागणारे, समजा १५०. एकूण सातशेच्या घरात.

आता बुडणारा नफा भागिले दोन्हींची बेरीज: १,२०० भागिले १,९००, म्हणजे ०.६३. दहा चिठ्ठ्यांपैकी ६३ टक्के चिठ्ठ्या जिथे झाकल्या जातात, तिथपर्यंत भरायचं. सहावी चिठ्ठी ६० टक्क्यांवर थांबते, म्हणून सातवी: १२० कूलर. सरासरीपेक्षा आठ जास्त, कारण इथे उरण्यापेक्षा न पुरणं महाग आहे.

तेच गणित एखाद्या नव्या, रंगीबेरंगी मॉडेलला लावा, जे पुढच्या साली कोणी विचारणार नाही. तिथे उरलेल्या नगावर २,००० तोटा धरला तर १,२०० भागिले ३,२००, म्हणजे ०.३७५. चौथी चिठ्ठी: १००. मागणीचा अंदाज अगदी तोच असता तरी ऑर्डर वीसने कमी. 'अंदाज काय आहे?' एवढंच विचारून ऑर्डर देणाऱ्याला हा फरक कधी दिसतच नाही.

उलट टोकाला पंप. १८० ला घेतला, ३०० ला विकला. उरला तर वर्षाचे पंचवीस रुपये जातात. १२० भागिले १४५, म्हणजे ०.८३. पंप भरपूर ठेवा. मे महिन्यात पंप नाही म्हणणाऱ्या दुकानाची मला कीव येते. गवत स्वस्त असलं तरी त्याला हा नियम तसाच लावू नका: ते जागा खातं, आणि पावसाळ्यात उंदीर त्यात संसार थाटतात.

हे सूत्र काही नवं नाही. बँकेने हाताशी किती रोकड ठेवावी, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्येच या वळणाचा विचार मांडला होता.

सगळं आत्ताच, की दोन टप्प्यांत?

वरचं गणित एकाच वेळी खरेदी करायची असेल तर. प्रत्यक्षात दुसरी वाटही असते: आत्ता ८० घ्या, एप्रिलमध्ये मोसमाचा रंग बघून बाकीचे घ्या. तेव्हा नगामागे ३५० जास्त पडतील, म्हणजे नफा ८५०.

तीन शक्यता धरू. कडक ऊन: दहात तीन, मागणी १४०. नेहमीचा उन्हाळा: दहात पाच, मागणी ११०. अवकाळीचा उन्हाळा: दहात दोन, मागणी ८०.

सगळे १२० आत्ताच घेतले तर: कडक उन्हात १,४४,०००, नेहमीच्या उन्हाळ्यात दहा उरून १,२५,०००, अवकाळीत चाळीस उरून ६८,०००. प्रत्येकाला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज केली की १,१९,३००.

दोन टप्प्यांत घेतले तर: कडक उन्हात १,४७,०००, नेहमीच्या उन्हाळ्यात १,२१,५००, अवकाळीत काहीच न उरता ९६,०००. बेरीज १,२४,०५०. दुसरी वाट ४,७५० रुपयांनी सरस, शिवाय वाईट सालातला फटकाही कमी.

थांबा. यात एक गोष्ट गुपचूप धरलेली आहे: कडक उन्हात एजन्सीवाला मागाल तेवढा माल देईल. पण कडक ऊन काही फक्त अमळनेरला पडत नाही. धुळे, चोपडा, भुसावळ, सगळीकडून त्याच दिवशी फोन जातात. मागितलेल्या ६० पैकी ३० च आले तर कडक उन्हातले १,४७,००० उतरून १,२१,५०० होतात, आणि या वाटेची बेरीज १,१६,४०० वर येते. आता पहिली वाट सरस.

बरोबरी कुठे होते, ते काढता येतं: ६० पैकी साधारण ४१ नग आले तर दोन्ही वाटा सारख्या. म्हणजे तुमच्या निर्णयाचा काटा उन्हावर नाही, एजन्सीवाल्याच्या शब्दावर आहे. तेव्हा हवामानाचे व्हिडिओ बघण्यापेक्षा जुन्या बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) काढा आणि मागच्या कडक उन्हाळ्यांत किती मागवले, किती आले आणि किती दिवसांनी आले, ते बघा. जमलं तर थोडं टोकन देऊन चाळीस नग नावावर राखून ठेवायची बोलणी करा. त्या टोकनाची किंमत किती असावी, तेही याच आकड्यांतून निघतं.

दहात तीन, दहात पाच हे आकडे नक्की कसले, असं कोणी विचारेल. ते तुमच्या समजुतीचे. म्हणूनच ते बदलून बघायचे. अवकाळीची शक्यता दोनवरून तीनवर नेली तर उत्तर फिरतं का? फिरत नसेल तर त्यावर वाद घालत बसू नका.

मोसम चालू असताना

दर सोमवारी तीन आकडे: काय म्हटलं होतं, काय झालं, फरक. चार आठवड्यांचे फरक समजा उणे ३, अधिक १, उणे ४, उणे ३. खुणा सोडून सरासरी काढली तर २.७५, ही झाली तुमची नेहमीची चूक. खुणांसकट बेरीज उणे ९. नेहमीच्या चुकीच्या तिपटीहून जास्त, आणि एकाच बाजूला. चूक दोन्हीकडे होत असेल तर ती धंद्याचा भाग आहे. एकाच बाजूला साचत असेल तर अंदाजात आशा मिसळलेली आहे. पुढच्या आठवड्याचा आकडा खाली आणा आणि दुसरी ऑर्डर तेवढी कापा.

अंदाज लिहिताना शेजारी एका ओळीत कारणही लिहा. 'कार्यालयाची दोन बुकिंग रद्द', 'मिस्त्री म्हणतो काम निम्मं'. जूनमध्ये पाऊस पडल्यावर सगळ्यांनाच सगळं आधीच माहीत असतं, तेव्हा ही ओळ कामाला येते.

ज्यांचा अंदाज काढायचाच नाही

नट-बोल्ट, वायर, टाकीचे बूच, पंपाची नळी: यांच्यासाठी वरचं काहीही करू नका. दोन डबे ठेवा. पहिला रिकामा झाला की दुसरा उघडा आणि त्याच दिवशी पहिला भरून आणायला सांगा. डबा केवढा असावा? मे महिन्यात जळगावहून माल यायला जेवढे दिवस लागतात, त्याच्या दीडपट दिवसांचा खप मावेल एवढा. डब्यावर मार्करने वस्तूचं नाव आणि मागवायचा नग लिहून टाका, म्हणजे नव्या पोरालाही विचारावं लागणार नाही.